आवाजाचा पडदा

आवाजातली घरघर काढून टाकण्यावर आमच्या घराची तीस वर्षे गुजराण झाली. सोलापुरात, मोहल्ल्याच्या तोंडाशी, आठ बाय दहाचे दुकान होते. रेडिओ, टेपरेकॉर्डर, मशिदीचा ॲम्प्लिफायर, लग्नातले भोंगे, सगळे तिथे दुरुस्तीला यायचे. गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा एकच असे : "घूं घूं करतोय." आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. फिल्टरचा कपॅसिटर थकला किंवा अर्थिंग सुटले की ते हेलकावे स्पीकरमधून ऐकू येऊ लागतात. ते घालवायचे आणि मग पैसे मागायचे. आम्हा नवराबायकोपैकी एकाने हे दुकान सांभाळले, दुसरीने बालवाडी. बालवाडीतही काम तेच होते. पस्तीस पोरांच्या गलक्यातून एक गाणे वर काढायचे.

अशा घरातली मुलगी मोठी होऊन घरघरीचेच संगीत करू लागली. पुण्यात तिने ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेतले. आता मुंबईत मालिकांचे आवाज जुळवते, त्यावर पोट चालते. उरलेल्या वेळात ती आणि तिचे काही मित्र जे करतात त्याला प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. त्यात राग नसतो, ताल असेलच असे नाही आणि गाणारे कोणी नसते. यंत्रातून निघणारे किंवा यंत्रात पकडलेले आवाज लोकांसमोर उलटसुलट करायचे, ताणायचे, एकमेकांवर रचायचे. असे कार्यक्रम नाट्यगृहात क्वचितच होतात. आर्ट गॅलरीत होतात, कारण तिथे येणारा माणूस 'हे काय आहे?' असे विचारायची तयारी ठेवून आलेला असतो.

२०२४ च्या जानेवारीत मुंबईत काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत तिघांचा कार्यक्रम ठरला. आमच्या मुलीच्या वाट्याला एकवीस मिनिटे आली. त्यासाठी तिने आमच्याकडे एक कॅसेट मागितली, आणि घरात तीन आठवडे दुसरा विषय राहिला नाही.

ती कॅसेट १९८७ ची. दुकानातला एक टू-इन-वन दुरुस्त करून घरी आणला होता. हेड साफ केल्यावर रेकॉर्डिंग नीट होते की नाही हे पाहायचे म्हणून रिकामी कॅसेट घालून बटण दाबले आणि यंत्र ओसरीवर ठेवले. अंगणात अम्मी जात्यावर डाळ भरडत होत्या. अम्मी मंगळवेढ्याकडच्या. पिठाची गिरणी कधीच आली होती, पण डाळीला त्या गिरणीत पाठवत नसत. भरडता भरडता त्या ओव्या म्हणत, आणि त्या मराठीत. आमच्या घरात बोलणे दखनी, नमाज अरबी, शाळा मराठी आणि जाते मराठी अशी विभागणी होती आणि तिचे कुणालाच आश्चर्य वाटत नसे. अम्मींच्या गावात बायका एकमेकींच्या जात्यावर बसत. ओवी कुणाच्या जातीधर्माची असा प्रश्न तिथे निघत नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. आमच्याकडे होती ती एका बाजूची सत्तावीस मिनिटे.

संध्याकाळी कॅसेट वाजवून दाखवली तेव्हा अम्मींनी तोंडाला पदर लावला. "हौ गे, मैंच क्या ये?" म्हणून हसल्या. पूर्ण ऐकली. मग म्हणाल्या, "घर में रहने दे इसे." २००३ साली त्या अल्लाहला प्याऱ्या झाल्या. कॅसेट घरातच राहिली.

मुलीला ती मुंबईत, चाळीस-पन्नास अनोळखी माणसांपुढे वाजवायची होती.

संगीत चालते की नाही, हा प्रश्न आपल्या समाजात आजचा नाही. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र भाग लिहिला. चिश्ती खानकाहांनी समाअ जपला, कित्येक उलेमांनी तो नाकारला. बाईच्या आवाजाला पडदा आहे की नाही यावरही मतभेद आहेत. हे सगळे आमच्या कानावर होतेच. शिवाय मोहल्ला होता. "लडकी बंबई में डीजे बजाती क्या?" असे दोघातिघांनी विचारून झाले होते. तिच्यासाठी आलेले एक स्थळ या एका वाक्यावर परत गेले होते. बालवाडीवालीला त्या स्थळाचे दुःख नव्हते, पण पुढच्याची काळजी होती. दुकानवाल्याला वेगळीच काळजी होती. सदतीस वर्षांची टेप, तुटली म्हणजे गेली.

आमच्या मशिदीचे इमामसाहेब जुने ओळखीचे. त्यांच्या ॲम्प्लिफायरची घूं घूं आम्हीच घालवत आलो होतो. त्यांना विचारले. त्यांनी वाद्य कोणते, असे विचारले. वाद्य नाही, यंत्र आहे, म्हटल्यावर ते हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "सुनने मैं आऊँगा नहीं, रोकने भी नहीं आऊँगा. आवाज घर की अमानत है. घर के बड़ों से पूछो."

घरात मोठी आता आपाच, अम्मींची थोरली मुलगी. आम्ही बार्शीला जाऊन त्यांना कॅसेट ऐकवली. आपा डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, इथे अम्मीने सासूचे नाव घेतले आहे. पुढे म्हणाल्या, इथे मामूंचे आहे, जे त्या साली ईदला न्यायला आले नव्हते. ओवीत बाई जे बोलते ते जात्याला सांगते, माणसांना नाही. म्हणून अम्मी 'घर में रहने दे' म्हणाल्या, हे आम्हाला त्या दिवशी उमगले. कॅसेट संपल्यावर आपांनी निकाल दिला, "आवाज सुनाव. बोल नक्को सुनाव."

आम्हाला वाटले, झाले, विषय संपला. बोल न ऐकवता आवाज कसा ऐकवणार? फोनवर मुलीला सांगितले तर ती खूश झाली. "हेच तर काम आहे माझे," म्हणाली आणि तिने आम्हाला कैरोची हकीकत सांगितली. पुढे तिने दिलेले वाचून, ऐकून आम्ही ती पक्की करून घेतली. ती इथे सांगण्याजोगी आहे.

हलीम एल-दाब हा कैरोच्या एका कॉप्टिक ख्रिस्ती घरातला मुलगा, जन्म १९२१ चा. शिकत होता शेतकी अभियांत्रिकी. १९४४ साली, तेवीस वर्षांचा असताना, त्याने कैरोच्या रेडिओ केंद्रातून एक वायर रेकॉर्डर मिळवला. टेपच्या आधीचे हे यंत्र. डेन्मार्कच्या वाल्देमार पोल्सनने १८९८ साली त्याचे पेटंट घेतले होते. त्यात फितीच्या जागी केसासारखी पोलादी तार असते. महायुद्धानंतर जी यंत्रे बाजारात रूढ झाली, त्यांत तासाभराच्या आवाजाला सुमारे २२०० मीटर तार लागे. असले धूड घेऊन हा मुलगा 'झार' ध्वनिमुद्रित करायला गेला.

झार म्हणजे इजिप्त, सुदान, इथिओपिया या भागात चालणारा बायकांचा एक विधी. जिला बाधा झाली आहे तिच्यासाठी बायका जमतात, डफ वाजतात, गाणे टिपेला पोचते, अंगात येते, मग शांत होते. उलेमांना तो मान्य नाही आणि बायकांनी तो सोडला नाही. आपल्याकडे दर्ग्यावर हाजिरी भरते, तिथले दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

एल-दाबने ते आवाज रेडिओ केंद्रात आणले. तिथे भिंती सरकवता येतील अशी घुमाऱ्याची खोली होती. भिंती मागेपुढे करून त्याने त्या आवाजांवर घुमारा चढवला आणि पुनःपुन्हा मुद्रित केले. मग आवाजातला मूळ स्वर गाळला आणि त्याच्यावर तरंगणारे उपस्वर तेवढे ठेवले. गाण्यातला स्वर हा एका मूळ कंपनाचा आणि त्याच्या पटीतल्या अनेक बारीक कंपनांचा बनलेला असतो. घुमारा चढवून वरचे उपस्वर तेवढे ठेवले की गाणारी बाई ओळखू येत नाही, आणि तरी जे उरते ते माणसाचेच असते हे कानाला कळते. ही रचना त्याने त्याच साली कैरोच्या एका आर्ट गॅलरीत लोकांना ऐकवली. तिचा सुमारे दोन मिनिटांचा तुकडा आज ऐकायला मिळतो. पॅरिसमध्ये पिअर शेफरने आगगाडीच्या आवाजांची रचना रेडिओवरून ऐकवली ती १९४८ साली. या संगीताची सुरुवात पुष्कळ ठिकाणी तिथूनच सांगितली जाते. कैरोतली ती संध्याकाळ तिच्या चार वर्षे आधीची आहे.

एल-दाब १९५० मध्ये अमेरिकेला गेले. १९५९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रात त्यांनी जी प्रसिद्ध रचना केली तिचा विषय लैला-मजनू. २०१७ साली, शहाण्णव वर्षांचे होऊन, ते ओहायोत वारले. इतिहासात त्यांचे नाव राहिले. झार गाणाऱ्या त्या बायका मात्र 'बायका' म्हणूनच राहिल्या. हे ऐकल्यावर आमच्यातली बालवाडीवाली म्हणाली, "आपण निदान आपांना विचारले तरी."

आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलो. गॅलरी जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. भिंती पांढऱ्या, चित्रे उतरवून ठेवलेली, खाली जाजम. खुर्च्या नव्हत्या. मगरिबची वेळ झाली तेव्हा तिथल्या मुलाने सामानाची खोली उघडून दिली. भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या चित्रांच्या शेजारी आम्ही नमाज पढलो. बाहेर आलो तोवर चाळीसेक माणसे मांडी घालून बसली होती. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मध्ये टेबल, टेबलावर तारांचे जंजाळ.

पहिल्या मुलाकडे वाजवायला काहीच नव्हते. एक मिक्सर होता आणि त्याचे आउटपुट त्याने त्याच्याच इनपुटला जोडले होते. यंत्र स्वतःचाच आवाज पुन्हा गिळू लागले की शीळ उठते. लग्नाच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की उठते तीच. तो बटणे केसभर फिरवून त्या शिळेला वळण लावत होता. त्याच्यामागे ५० हेलकाव्यांची घूं घूं स्पष्ट ऐकू येत होती. आमच्यातला दुकानवाला दोनदा उठायला निघाला. अर्थिंग पाहतो म्हणाला. त्याला बसवून ठेवावे लागले. तिसऱ्यांदा तो आपणहून बसला आणि हळूच म्हणाला, "पोरगा चुकत नाही. त्याला तीच हवी आहे." दुसऱ्याचे यंत्र जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखे होते. एका भोकातली तार काढून दुसऱ्यात घातली की आवाजाचा रंग बदले. ते आम्हाला लांबले. आमच्या शेजारचा एक माणूस चक्क झोपला होता. हेही सांगायला हवे, कारण अशा संध्याकाळी सगळेच भारावलेले असतात असे नाही.

मग आमची मुलगी बसली. ओढणी नीट केली, बिस्मिल्ला म्हटले असावे, ओठ हलले. सुरुवातीला यंत्रमाग. ते तिने आमच्याच गल्लीतून मुद्रित केले होते. सोलापुरात वाढलेल्याला यंत्रमागाचा आवाज ऐकू येत नाही, तो थांबला तरच ऐकू येतो. तिथे त्या पांढऱ्या खोलीत तो आम्ही पहिल्यांदा ऐकला. खटाक-खटाकमध्ये किती आवाज आहेत ते वेगवेगळे झाले : धोटा, फणी, पट्टा. मग ते मंद होत होत जात्याच्या घरघरीत केव्हा मिसळले ते कळले नाही. आणि मग त्यातून अम्मी आल्या.

तिने काय केले होते ते तिने आम्हाला आधी समजावले होते. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, माणूस ओळखू येतो तो स्वरांमुळे. तिने दोन महिने बसून कॅसेटवरची व्यंजने एकेक करून कापली. स्वर ठेवले, ताणले, एकावर एक घातले. सासूचे नाव गेले, मामूंचे गेले, ईद गेली. उरला तो लांबच लांब आ, ऊ, ई. आपांची अट पाळली गेली होती.

पण एक गोष्ट तिने कापली नव्हती. दोन ओव्यांच्या मध्ये बाई श्वास घेते. जाते ओढताना छातीतून निघणारा तो श्वास तिने जसाच्या तसा ठेवला होता. शेवटची चार मिनिटे बाकी सगळे विझत गेले आणि चार कोपऱ्यांतून फक्त तो श्वास येत राहिला. अम्मींना शेवटी दमा होता. त्या श्वासाला आम्ही कुठेही ओळखू. आमच्यातली बालवाडीवाली रडत होती आणि दुकानवाला स्पीकरकडे पाहत होता, दुरुस्तीसाठी नव्हे.

टाळ्या झाल्या. नंतर प्रश्नोत्तरे. एका बाईंनी इंग्रजीत विचारले, हा सूफी मंत्रपाठ आहे का? मुलगी मराठीत म्हणाली, "नाही. माझी दादी आहे. जात्यावरची ओवी म्हणते आहे." त्या बाईंनी पुन्हा विचारले, म्हणजे उर्दूत? मुलगी म्हणाली, "मराठीत."

खोली क्षणभर शांत झाली. त्या शांततेत वाईट हेतू नव्हता. पण आपण सगळे ती शांतता ओळखतो. मुसलमान नाव ऐकले की समोरचा माणूस आपल्यासाठी एक आवाज आधीच ठरवून ठेवतो : कव्वाली, अजान, गझल. त्यातही आपण आहोतच, आणि त्याची लाज नाही. पण जात्यावर बसून मराठीत सासूची तक्रार सांगणारी दादी त्या यादीत नसते. तिचे सगळे शब्द काढून टाकल्यावरही तिची भाषा कोणती, याचे उत्तर द्यावे लागले. मुलीने एका शब्दात दिले आणि ती वायरी गुंडाळू लागली. मानधनाचे तीन हजार रुपये तिने दुसऱ्या दिवशी आपांना पाठवले. आपांनी ते आमच्या देखत मोजले आणि पाचशे तिला परत केले, मिठाईसाठी.

सोलापुरात परतल्यावर एक भाचा म्हणाला, "ये तो गोरों के चोचले हैं." कैरोचे तर सांगितलेच. अहमदाबादचेही सांगायला हवे. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला. त्यामागे पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई होत्या. त्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केजना भारतीय संगीत शिकवले होते. तिथे पुढची तीनेक वर्षे भारतीय मुलांनी रचना केल्या. त्या टेपा कपाटात पडून राहिल्या आणि पॉल पर्गस यांनी शोधून काढल्यावर २०२३ साली प्रकाशित झाल्या. त्याहून मागे जायचे तर नवव्या शतकातल्या बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणारे, खुंट्या बसवलेल्या फिरत्या दंडगोलाचे यंत्र लिहून ठेवले आहे.

मात्र हे सांगताना 'सगळे आमच्याकडे आधीच होते' अशी छाती फुगवण्याची सवय आपल्याला आहे, ती इथे कामाची नाही. बगदादचे यंत्र आपण बांधलेले नाही. आपल्या हातात काय आहे, एवढेच विचारावे. अहमदाबादच्या टेपा वाचल्या, कारण त्या एका संस्थेच्या कपाटात होत्या. आपल्या घरांतल्या कॅसेटींना संस्था नाही.

आणि त्या घरोघर आहेत. कोकणातून, मराठवाड्यातून माणसे आखातात गेली तेव्हा फोन महाग होता. ऐंशीच्या दशकात कित्येक घरांत पत्राऐवजी कॅसेट येई आणि कॅसेटच परत जाई. त्यात बापाचे खोकणे आहे, तान्ह्याचे रडणे आहे, मागे चालणारा कोंबडा आहे. निकाहाचे खुतबे आहेत, हळदीची गाणी आहेत, मोहरमच्या ताशाचे ठेके आहेत. फितीवरचा चुंबकीय थर कायमचा नसतो. दमट हवेत तो चिकटतो, बुरशी धरतो, सुटून पडतो. कॅसेट काढा. मागच्या दोन प्लॅस्टिकच्या खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. बुरशी दिसत असेल तर यंत्रात घालू नका, जाणत्याला दाखवा. फीत अडकली तर ओढू नका. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो. उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

आणि बटण दाबण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, काय ऐकवायचे आणि काय नाही. ती सांगते. आजवर तिला कुणी विचारले नव्हते, एवढेच.